आरव्हीने नॅशनल पार्क: सहा जण, चार आठवडे, न्यू जर्सीहून. मार्ग आणि गाडी कशी ठरवावी?

एडिसनकर

नमस्कार मंडळी,

२०२७ च्या उन्हाळ्यात शाळा सुटल्या की जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून चार आठवडे आरव्हीने (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीने) फिरायचा विचार आहे. आम्ही दोघं, मुलं (वय ४ आणि ९) आणि पुण्याहून येणारे आई-बाबा. बाबा ७१ वर्षांचे आहेत आणि त्यांना बीपीची गोळी चालू आहे. सहाही जण शाकाहारी, स्वयंपाक गाडीतच करायचा.

मनातला मार्ग असा: एडिसनहून आय-८० आणि आय-९० या हायवेंनी बॅडलँड्स, मग यलोस्टोन, ग्रँड टिटन, ब्राइस, झायन, ग्रँड कॅन्यनची दक्षिण कड, मोआब आणि आय-७० ने घरी परत. गाडी ३० फुटी क्लास सी (ड्रायव्हरच्या डोक्यावर बिछाना असलेली मध्यम आरव्ही), भाड्याची.

विचारायचं ते हे: चार आठवड्यांत हे सगळं बसतं का? ३० फूट बरोबर की लहान गाडी घ्यावी? बुकिंग कधीपासून? आणि आई-बाबांच्या पार्क-प्रवेशाच्या पासचं काय?

---

रानवाट

बसतं, पण ओढाताण होईल. आधी मैलांचा हिशेब करा. एडिसन ते बॅडलँड्स सुमारे १,६५० मैल. मोआबहून एडिसन सुमारे २,१००. पार्कांमधलं अंतर आणि पार्कांच्या आतली फिरती धरली की एकूण ६,००० मैलांच्या आसपास जातं. आरव्हीचा सरासरी वेग, पेट्रोल आणि जेवणाचे थांबे धरून, ताशी ५० मैलांच्या वर जात नाही. मॅपवर आठ तास दाखवले की दहा धरा. वयस्कर माणसं आणि चार वर्षांचं मूल सोबत असताना दिवसाला २५० ते ३०० मैल ही मर्यादा पाळायला हवी. म्हणजे नुसतं जाऊन-येऊन तेरा-चौदा दिवस हायवेवरच जातात, आणि त्यातला बराचसा भाग आयोवा, साउथ डकोटा, कॅन्सस अशा सपाट शेतांचा.

इंधनाचं गणितही त्याच दिशेला बोट दाखवतं. फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावरची क्लास सी गॅलनला ८ ते १० मैल देते. ९ धरले तर ६,००० मैलांना सुमारे ६६७ गॅलन, साडेतीन डॉलरच्या दराने २,३०० डॉलरच्या वर. त्यात भाड्याच्या करारात मैलाला ३५ ते ४५ सेंट असतील तर आणखी २,१०० ते २,७००.

माझं स्पष्ट मत: सॉल्ट लेक सिटीला विमानाने जा आणि तिथून गाडी घ्या. आय-१५ ने आयडाहो फॉल्स, तिथून यूएस-२० ने वेस्ट यलोस्टोन, मग टिटन, परत दक्षिणेला ब्राइस, झायन, ग्रँड कॅन्यन, मोआब आणि सॉल्ट लेक. हा वेढा सुमारे २,००० मैलांचा होतो. चारऐवजी तीन आठवडे पुरतात आणि प्रत्येक पार्कात तीन रात्री मिळतात. बॅडलँड्स सुटतं, ते सुटू द्या. सहा तिकिटांचा खर्च वाचलेल्या मैलांतून आणि वाचलेल्या आठवड्याच्या भाड्यातून बराचसा निघतो.

एक गोष्ट मात्र दोन्ही मार्गांना लागू आहे. जुलैच्या मध्यात मोआबला पारा ३८ च्या वर असतो. छतावरचा एकच एसी बाहेर ४० असताना आतलं तापमान २८-२९ च्या खाली नेत नाही. त्यामुळे आधी दक्षिण उरकून मग यलोस्टोन असा क्रम लावा, म्हणजे मोआब, ग्रँड कॅन्यन, झायन, ब्राइस जूनअखेर ते जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि यलोस्टोन शेवटी. उन्हाळा तिथेही आहेच, पण यलोस्टोनच्या ७,८०० फुटांवर जुलैतल्या रात्रीही स्वेटर लागतो. ४ जुलैच्या आसपासचे तीन-चार दिवस एकाच जागी मुक्काम ठेवा, त्या दिवसांत जागा बदलायच्या भानगडीत पडू नका.

---

टाकीभर

रानवाट यांना अनुमोदन. लांबीबद्दल लिहितो, कारण भाड्याने घेणारे बहुतेक जण बिछाने मोजून गाडी घेतात आणि तिथेच फसतात.

पहिलं म्हणजे 'सहा जण झोपतात' याचा अर्थ सहा जण बसून प्रवास करू शकतात असा नाही. सीटबेल्ट मोजा. त्यातही तुमच्या ४ वर्षांच्या मुलाची कारसीट आडव्या सोफ्यावर लावता येत नाही, आणि जेवणाच्या टेबलाच्या मागे तोंड केलेल्या बाकावरही नाही. पुढे तोंड असलेला बाक हवा आणि त्यामागे वरचा पट्टा अडकवायला टेदरचा हूक हवा. पुष्कळ गाड्यांत तो नसतो. भाड्याने देणाऱ्याकडून त्या बाकाचा आणि हुकाचा फोटो मागवा, नुसतं तोंडी 'हो' चालणार नाही.

दुसरं, पार्कांच्या जागा. ग्रँड कॅन्यनच्या मॅदर कॅम्पग्राउंडची मर्यादा ३० फूट आहे आणि तिथे वीज-पाण्याची जोडणी नाही. शेजारच्या ट्रेलर व्हिलेजमध्ये पूर्ण हुकअप (वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी) आहे आणि ५० फुटांपर्यंतची गाडी सरळ आत जाऊन सरळ बाहेर निघते. यलोस्टोनमध्ये पूर्ण हुकअप फक्त फिशिंग ब्रिज कॅम्पग्राउंडला, आणि अस्वलांमुळे तिथे तंबू किंवा कापडी भिंतींची गाडी चालत नाही. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये काही जागांना वीज आहे, पण जनरेटरला बंदी आहे. म्हणजे विजेची जागा मिळाली नाही तर तिथे एसी नाही, हे धरून चाला.

सहा जणांना २५ फूट फार कोंदट होईल, ३० च्या वर गेलात तर जागांची यादी आखडते. २७-२८ फूट, मागे कायमचा पलंग आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी चालायला वाट, ही आई-बाबांसाठी योग्य. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा बिछाना मोठ्या मुलाला द्या, चार वर्षांच्या मुलाला तिथे झोपवू नका. आणि दर चार-पाच दिवसांनी एक रात्र लॉजमध्ये काढा. सहा जण आणि एक टॉयलेट हे गणित त्याशिवाय सुटत नाही.

आता झायनचा बोगदा. झायन-माउंट कार्मेल बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब. पूर्वी १५ डॉलर भरून मोठ्या गाडीसाठी समोरची वाहतूक थांबवून घेता यायची. जून २०२६ पासून ते बंद झालं. ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी तिथून जात नाही, आणि क्लास सी या दोन्हींत अडकते. म्हणून झायनहून ब्राइसला जाताना यूटी-९ ने (यूटी म्हणजे यूटाचा राज्य रस्ता) पश्चिमेला आय-१५ गाठा, उत्तरेला वर या, यूटी-२० ने यूएस-८९ वर उतरा आणि मग यूटी-१२. अंतर जवळजवळ दुप्पट होतं, पण रस्ता निवांत आहे. मॅपवर यूटी-१४ जवळचा दिसेल, तो चढ या गाडीने घेऊ नका. साधं नेव्हिगेशन अ‍ॅप तुम्हाला बोगद्याकडेच पाठवेल. गाडीची उंची आणि लांबी भरता येते असं आरव्हीचं अ‍ॅप वापरा.

---

एडिसनकर

सॉल्ट लेकची कल्पना घरात सगळ्यांना पटली, बॅडलँड्स वगळलं. क्रमही दक्षिणेकडून उत्तरेकडे ठेवतो. बुकिंग आणि पासबद्दल कोणी सांगेल का? आणि आई विचारते आहे, गाडीत रोजची पोळी-भाजी-वरण-भात कितपत जमेल?

---

कडेकपारी

बुकिंगसाठी पार्कागणिक नियम वेगळे आहेत आणि तुमच्या तारखा नकाशावरून नाही, या नियमांवरून ठरणार आहेत. फिशिंग ब्रिज आणि ट्रेलर व्हिलेज कंत्राटदार चालवतात, तिथे १३ महिने आधी आरक्षण सुरू होतं. म्हणून सगळ्यात आधी ही दोन टोकं पक्की करा: ग्रँड कॅन्यनच्या तीन रात्री आणि यलोस्टोनच्या चार. मधल्या जागा त्यांना जुळवून घ्यायच्या. मॅदर, वॉचमन, ब्राइसचं सनसेट ही सरकारी संकेतस्थळावर सहा महिने आधी मिळतात, ईस्टर्न वेळेने सकाळी १० वाजता. तुम्ही न्यू जर्सीत आहात, तेव्हा ऑफिसच्या वेळेत बसतं. खातं आधीच उघडून ठेवा, कार्ड भरून ठेवा आणि पसंतीच्या पाच-सहा जागांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. त्या वेळी फोटो बघत बसलात तर जागा गेलीच.

नाही मिळाली तरी हातपाय गाळू नका. रद्द केलेल्या जागा मुक्कामाच्या दोन आठवडे ते दोन दिवस आधी परत दिसू लागतात. त्याच संकेतस्थळावर जागा सुटल्याची सूचना लावून ठेवता येते. एकेक सुटी रात्र पकडून दोन वेगवेगळ्या जागांवर मुक्काम जोडता येतो.

ग्रँड कॅन्यनची उत्तर कड यादीत नाही ते बरं आहे. जुलै २०२५ च्या ड्रॅगन ब्राव्हो वणव्यात तिथलं लॉज जळून गेलं.

पासचं: १ जानेवारी २०२६ पासून नियम बदलले. अमेरिकेत राहणाऱ्यांचा वार्षिक पास ८० डॉलरचाच आहे, पण त्यासाठी इथलं सरकारी फोटो-ओळखपत्र लागतं. बाहेरून येणाऱ्यांचा वार्षिक पास २५० डॉलर. तो नसेल तर अकरा गर्दीच्या पार्कांत १६ वर्षांवरच्या पाहुण्यांना नेहमीच्या प्रवेश फीवर माणशी १०० डॉलर जादा आकारतात. तुमच्या यादीतली यलोस्टोन, टिटन, ब्राइस, झायन, ग्रँड कॅन्यन ही पाचही त्या अकरांत आहेत. दोन माणसं, पाच पार्कं म्हणजे हजार डॉलर. त्यामुळे पासचा निर्णय प्रवेशद्वारावर नाही, घरूनच करून निघा आणि आई-बाबांचे पासपोर्ट हाताशी ठेवा. ८० डॉलरचा आजन्म सिनियर पास ६२ वर्षांवरच्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांनाच मिळतो, व्हिजिटर व्हिसावर नाही.

विम्याचंही याच वेळी बघा. तुमच्या कारचा विमा भाड्याच्या आरव्हीला बहुतेक वेळा लागू नसतो, आणि क्रेडिट कार्डावरचं भाड्याच्या गाडीचं संरक्षण आरव्ही वगळतं. भाड्याने देणाऱ्याचा विमा घेतलात तरी छप्पर आणि खालचा भाग त्यात धरलेला आहे का, ते करारात शोधा. झाडाची फांदी आणि पेट्रोल पंपाचं छत, नुकसान होतं ते नेमकं तिथेच.

---

फोडणी

आईंना सांगा, रोजचं जेवण छान जमतं. फक्त तीन गोष्टी समजून घ्यायच्या.

उंची: यलोस्टोनला आठ हजार फुटांच्या आसपास पाणी ९२ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवली तरी दाण्याला दाणाच राहते, राजमा-छोले तर विसराच. पाच लिटरचा कुकर न्या, शिट्टीची रिंग नवी घाला आणि एक जादा सोबत ठेवा. नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त द्या.

वीज: हुकअप ३० अँपिअरचा, म्हणजे १२० व्होल्टवर एकूण ३,६०० वॉट. एसीला दीड हजाराच्या वर, मायक्रोवेव्हला साधारण दीड हजार, इंडक्शनला १,८०० पर्यंत. एसी आणि इंडक्शन चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणारच. स्वयंपाक गॅसवर करा आणि इंडक्शन घरी ठेवा. भारतातला २३० व्होल्टचा मिक्सर इथे चालणार नाही. वाटणं घरून करून, गोठवून, चपट्या पिशव्यांतून न्या.

सांडपाणी: सिंकचं पाणी ग्रे टँकमध्ये जातं आणि तो ३०-४० गॅलनचाच असतो. तेल, तूप, कणकेचं पाणी आणि भाताची शितं त्यात गेली की तिसऱ्या दिवशी वास सुटतो आणि नळी तुंबते. प्रत्येक ताट-कढई आधी कागदाने पुसून घ्या आणि मग धुवा, सिंकला बारीक जाळी लावा. फोडणीचं उरलेलं तेल डब्यात साठवून कचऱ्यात टाका. आणि फोडणी घालण्याआधी छताचा पंखा चालू करून एक खिडकी उघडा, नाहीतर धुराचा अलार्म ठणाणा करतो. तो अलार्म आणि जमिनीलगतचा गॅसचा अलार्म कधीही काढून ठेवू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो आणि खाली साचतो, म्हणून तो अलार्म तिथे बसवलेला असतो.

पार्कात खाण्याचं काहीही, रिकामा कूलर आणि उष्टी भांडीसुद्धा, रात्री बाहेर राहता कामा नये. अस्वलांचा हा नियम काटेकोर आहे, दंड होतो.

---

टाकीभर

टाक्यांचा विषय निघालाच आहे, तर रिकाम्या करायची पद्धत लिहून ठेवतो. पहिल्यांदा करणारे इथेच घाबरतात.

हातमोजे घाला. गाडीच्या झाकणाखाली बादली धरा आणि मगच झाकण काढा, कारण व्हॉल्व्ह थोडा गळका असेल तर पाणी बाहेर येतं. नळीचं गाडीकडचं टोक पिळून 'खट' आवाज येईपर्यंत बसवा आणि ओढून बघा. दुसरं टोक जमिनीतल्या भोकात घालून त्यावर दगड किंवा पाय ठेवा, रिकामी होताना नळी उसळते. आधी ब्लॅकचा, म्हणजे टॉयलेटच्या टाकीचा व्हॉल्व्ह, झटक्यात पूर्ण उघडा. आवाज थांबला की बंद. टॉयलेटमधून दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा एकदा उघडा. मग ग्रेचा. साबणाचं पाणी नळी धुऊन नेतं, म्हणून क्रम उलटा करायचा नाही. सोडवताना आधी गाडीकडचं टोक सोडा, नळी उचलून उतार द्या आणि शेवटी भोकातून काढा. पाण्याच्या नळासाठी हे हातमोजे आणि ही नळी कधीच नाही, पिण्याच्या पाण्याची पांढरी नळी वेगळ्या पिशवीत ठेवा.

हुकअप असला तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंदच ठेवा. उघडा ठेवला की पातळ निघून जातं आणि घट्ट टाकीत साचून बसतं, मग ते काही केल्या निघत नाही. टाकी दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा. दर वेळी नंतर दोन-तीन गॅलन पाणी आणि टॉयलेटचं रसायन घाला. आतला भरल्याचा दिवा खोटं बोलतो, सेन्सरला कागद चिकटतो. सहा जण असताना दर दोन-अडीच दिवसांनी रिकामी करायची असं वेळापत्रकच ठेवा.

पार्कातल्या नळाला दाब किती असेल सांगता येत नाही. ४० ते ५० पीएसआयचा रेग्युलेटर नळालाच लावा, गाडीच्या तोंडाशी नाही, म्हणजे नळीही वाचते.

---

घाटमार्ग

चालवण्याबद्दल थोडं. साध्या लायसन्सवर ही गाडी चालते, वजन २६,००० पौंडांच्या खूप खाली असतं. पण दोन सवयी बदलाव्या लागतात.

मागचं चाक संपल्यावर गाडी आणखी आठ-दहा फूट मागे असते. उजवीकडे वळताना ती शेपूट डावीकडे फेकली जाते. पेट्रोल पंपाच्या खांबापासून निघताना सरळ पुढे जा आणि गाडीची शेपूट खांबाच्या पुढे गेल्यावरच स्टिअरिंग फिरवा. ट्रकच्या पंपावर जागा मोकळी असते, तिथे आरव्हीची वेगळी रांग असेल तर तीच घ्या. गाडीची उंची, एसीसकट, चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा.

घाट उतरताना टो-हॉलचं (गाडी खालच्या गिअरमध्ये धरणारं) बटण दाबा आणि माथ्यावरच वेग कमी करून घ्या. इंजिनचा आवाज वाढेल, वाढू द्या, तेच गाडी धरून ठेवतंय. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, दाबून दहा मैल वेग खाली आणायचा आणि सोडायचा. ब्रेकचा जळका वास आला तर बाजूला थांबा. जॅक्सनहून आयडाहोकडे जाताना टिटन पास टाळा, १० टक्के उतार आहे. हॉबॅक, अल्पाइन, स्वॉन व्हॅली करत आयडाहो फॉल्सला या. नदीकाठाने येतो तो रस्ता, आणि देखणाही आहे.

बॅडलँड्सचा मोह पुन्हा झालाच तर बिगहॉर्न पर्वत यूएस-१६ ने ओलांडा, यूएस-१४ए ने नाही. लव्हेलकडचा त्याचा उतारही १० टक्क्यांचा आहे.

गाडी ताब्यात घेताना टायरच्या बाजूवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांहून जुना असेल तर दुसरी गाडी मागा. नक्षी नवी दिसली तरी उन्हाने रबर आतून फुटतं. मागे जोडचाकं असतात, आतल्याचीही हवा मोजायची. दाब दारातल्या पट्टीवर लिहिल्याप्रमाणे आणि सकाळी, गाडी निघण्याआधी.

जनरेटर गाडीच्याच पेट्रोलवर चालतो, अर्ध्या भाराला तासाला साधारण अर्धा गॅलन. टाकी पाव भागावर आली की तो आपोआप बंद पडतो, कारण त्याची नळी मुद्दाम तेवढ्या उंचीवर ठेवलेली असते. बिघडला समजून फोन करण्याआधी काटा बघा. शिवाय उंचीवर त्याची ताकद दर हजार फुटांना तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते. ब्राइसला आठ हजार फुटांवर एसी आणि मायक्रोवेव्ह एकत्र ओढणार नाही.

बाबांसाठी: सॉल्ट लेक ४,२०० फुटांवर आहे. तिथून एकदम आठ हजारांवर मुक्काम नको. तुमचा नवा क्रम सोयीचा आहे, मोआब आणि झायन चार हजारांच्या आसपास. मधला ग्रँड कॅन्यन मात्र सात हजारांवर आहे, तिथला पहिला दिवस कडेवरच्या सपाट वाटेवर आणि शटल बसमध्ये काढा. गोळ्यांबद्दल त्यांच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा, आणि व्हिजिटर इन्शुरन्स घेताना आधीपासूनच्या आजारांचं कलम वाचून घ्या.

---

एडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आता पक्कं असं: सॉल्ट लेक, मोआब ३ रात्री, ग्रँड कॅन्यन ३, झायन ३, ब्राइस २, टिटन २, यलोस्टोन ४. शेवटचा प्रश्न, गाडी परत करायच्या आदल्या दिवशी काय काय करून ठेवायचं?

---

टाकीभर

आदली रात्र सॉल्ट लेकजवळच्या पूर्ण हुकअपच्या खासगी कॅम्पग्राउंडवर काढा. तिथेच दोन्ही टाक्या रिकाम्या करा, डेपोत करायला लावल्या तर त्याचे वेगळे पैसे लागतात. प्रोपेन सकाळी भरून घ्या, रविवारी भरणारा माणूस पंपावर नसतो. पेट्रोल घेतलं होतं त्याच खुणेपर्यंत. जनरेटरच्या तासांच्या मीटरचा फोटो पहिल्या दिवशी काढलेला असेल, तसाच शेवटचा काढा. छप्पर, चारी कोपरे, ऑनिंग (बाजूला उघडायचं कापडी छत) आणि पायरी यांचे व्हिडिओही, नेताना आणि देताना दोन्ही वेळा. फ्रीज रिकामा करून दार उघडं ठेवा. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या गादीखाली एकदा हात फिरवा, मुलांच्या वस्तू तिथेच राहतात.